सुजेची गोळी

९ जानेवारी, गुरुवार

आज पप्पा दुकानात आले होते. रबाळ्याची ड्युटी सुटल्यावर घरी न जाता सरळ आमच्या मेडिकलसमोर येऊन उभे राहिले, अंगावर वॉचमनचा युनिफॉर्म तसाच. आत यायला तयार नव्हते. शेवटी मीच हात धरून आणलं. भिंतीवर माझं फार्मसिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, त्याच्यापुढे उभे राहून मोबाइलवर फोटो काढला. 'अक्षता सिताराम गमरे.' फोटो मोठा करून मधलं नाव बघत राहिले. म्हणाले, "माझं पण नाव आलंय."

वामनशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "बसा ना सितारामभाऊ. तुमची पोरगी लय कडक हाय. डॉक्टरची चिठ्ठी नाय तर गोली नाय. सकाळपासून गिराईकं परत धाडतेय."

"बरोबर करते," पप्पा म्हणाले.

"बरोबर करते ते मला पन कलतं. पन ती गिराईकं समोरच्याकडं जातात आनि तिथं त्यांना मिलतं."

घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. ती पदवी गोळ्या खपवायला घेतलेली नाही, हे मी रुजू झाले तेव्हाच शेठना सांगितलंय. ते हसले होते. माणूस वाईट नाही.

दुकानाची पायरी उतरताना पप्पांनी शटरच्या खांबाला धरलं. गुडघा पुन्हा धरलाय, परवापासून डॉक्टरांची गोळी चालू आहे. कंपनीच्या गेटवर खुर्ची ठेवायला परवानगी नाही, साहेब लोक बघतात म्हणे. दिवसभर उभं राहायचं.

१२ जानेवारी, रविवार

हाडांच्या डॉक्टरांनी पप्पांना डायक्लोफेनॅक दिलं होतं, पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. पाचव्या दिवशी पप्पा जिना न थांबता चढून आले आणि आईला म्हणाले, "राजश्री, बघ, लिफ्ट आली." आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.

काल गोळ्या संपल्या. आज सकाळी ते पुन्हा खाटेच्या कडेला बसून गुडघ्यावर हात ठेवून होते, उठावं की नाही असा विचार करत. मी दुकानातून पाकीट आणलं, पैसे भरून. सोबत ॲसिडिटीची गोळी, उपाशीपोटी घ्यायची. दुखण्याची गोळी जेवणानंतर. पोटाला अल्सर होऊ नये म्हणून.

चिठ्ठी पाच दिवसांचीच होती हे मला माहीत आहे. गिऱ्हाइकाला मी हे दिलं नसतं. पण गिऱ्हाईक गोळी घेऊन निघून जातं, पप्पा माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी लक्ष ठेवून आहे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं मला वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

विहारात वंदनेनंतर कमिटीच्या मुक्ताबाईंनी मला थांबवलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी औषधांवर बोलावं असं त्यांचं म्हणणं आहे. "आपल्यातली शिकलेली पोर बोलली की लोक ऐकतात गं. बाहेरचा डॉक्टर आणला तर झोपतात."

विषय मीच निवडला: दुखण्याची गोळी शरीरात काय करते. आपली सगळी माणसं अंगमेहनतीची, उभ्याने काम करणारी. रोज ही गोळी खातात आणि ती कुठे जाते हे कोणालाच माहीत नाही.

रात्रीच्या जेवणानंतर पप्पांना समोर बसवून तालीम केली. सुरुवात केली, "दाह म्हणजे..." तर पप्पा म्हणाले, "दाह म्हणजे जळजळ ना? ती पोटात होते. गुडघ्यात कशी होईल?" आई म्हणाली, "दाह म्हटलं की मला स्मशानच आठवतं बाई."

पुस्तकात सगळीकडे 'दाह' आहे. 'दाहशामक औषधे.' कोण समजणार? मी तिथेच शब्द बदलला. दाह नाही, सूज. 'ही सूज उतरवणारी गोळी आहे.' पप्पांचा चेहरा लगेच उजळला. "हां. आता कळलं." मला खूप बरं वाटलं. ज्ञान अडतं ते शब्दापाशी. शब्द माणसांचा असला की ते आपोआप आत जातं. हे आमच्या कॉलेजात एकाही सरांना जमलं नाही.

बोलायचं ते असं ठरवलंय. आधी सूज कशी येते. मग गोळी काय करते. मग ती पोटात काय करते. मग किडनीत.

२६ जानेवारी, रविवार

बोलले.

मी म्हटलं, शरीरात एक कारागीर आहे, त्याचं नाव कॉक्स. कुठे मार लागला, झीज झाली, की तो तिथे एक रसायन बनवायला लागतो. त्या रसायनाने रक्ताच्या बारीक नळ्या सैल होतात, आतलं पाणी बाहेर झिरपतं, जागा गरम होते, फुगते. तिथली नस इतकी हळवी होते की हात लावला तरी कळ येते. ती सूज. आता तुम्ही गोळी खाता. गोळीला गुडघा कुठे आहे ते माहीत नसतं. ती रक्ताबरोबर अंगभर फिरते आणि जिथे जिथे हा कारागीर बसलाय तिथे तिथे जाऊन त्याचं हत्यार अडवते. रसायन बनायचं थांबतं. सूज उतरते, म्हणून दुखणं थांबतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे संप झाला म्हणा ना." सगळे हसले. मीही.

मग पोटाचं सांगितलं. हाच कारागीर पोटाच्या आतल्या भिंतीवर लेप लावत असतो, त्याचा हात थांबला की पोटातलं ॲसिड भिंतीलाच खातं. म्हणून उपाशीपोटी गोळी नको. बायकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात चहा आला. लेझीमची मुलं कपडे घालून दारात खोळंबली होती आणि मुक्ताबाई मला हाताने आवरतं घे म्हणून खुणावत होत्या. किडनीचं राहिलं. तेच जरा अवघडही होतं: रक्त किडनीत शिरतं ती बारीक नळी हाच कारागीर उघडी धरून ठेवतो. लोक दमलेही असते. पुढच्या वेळी घेईन.

पप्पा पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या संपल्यावरही वाजवत होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

पप्पा आता आमच्या बिल्डिंगचे डॉक्टर झालेत. खालच्या मजल्यावरच्या पुतळाकाकूंना जिन्यात थांबवून सांगत होते, "गोळीला गुडघा म्हाईत नसतो वयनी. ती सगळीकडे जाते. जिथे सूज आसेल तिथे उतरवते." पुतळाकाकू म्हणाल्या, "मंग माजा नवरा पन उतरवंल काय? त्याचा लय फुगारा हाय."

तब्येत सुधारलीय त्यांची. गाल भरलेत. आई म्हणते, दुखणं गेलं की अन्न अंगी लागतं. सकाळी उठल्यावर तर चेहरा चांगला गोल दिसतो. वजनही वाढलंय.

गेटवरून संडास लांब आहे म्हणून ते ड्युटीवर पाणी टाळतात. मी ओरडले. म्हणाले, "अगं, आता तसंही जावं लागत नाय फारसं. गोळीने सगळं सेट झालंय."

२० फेब्रुवारी, गुरुवार

पप्पांचं बीपी वाढलंय. इतकी वर्षं एका गोळीवर बरोबर चालू होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, नवीनमध्ये लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं आहे. मला वाटतं कामाचं टेन्शन असावं. कंपनीत सिक्युरिटीचा ठेकेदार बदलणार आहे, जुन्यांना ठेवतात की नाही कोणास ठाऊक. मी विचारलं तर म्हणाले, "तुझं शिक्षण झालं. आता मला काय टेन्शन?"

आज सुपरवायझरने त्यांना चप्पल घालून आल्याबद्दल झापलं. बूट का घातले नाहीत विचारलं तर म्हणाले, तळवा फाटलाय. मी घरी बूट बघितले. तळवे ठीक आहेत. गुडघे वाकवून लेस बांधायचा कंटाळा करत असणार. रविवारी त्यांना बिनलेसचे बूट घेऊन देईन.

दुकानात एका मुलीला पाठदुखीसाठी गोळ्या हव्या होत्या, चिठ्ठी नव्हती. दिल्या नाहीत. ती मला काहीबाही बोलून गेली. वामनशेठनी टेबल फॅन माझ्या बाजूला वळवला.

५ मार्च, बुधवार

पप्पा बोलत नाहीत फारसे. जेवणाला चव नाही म्हणतात, अंगाला खाज येते. आई म्हणते, उन्हाळा लागला. मला वाटतं, ते माझ्यापासून काहीतरी लपवतायत. नोकरी गेली असेल का? विचारायला धीर होत नाही. त्यांना बापमाणसासारखं वागू द्यावं असं वाटतं.

गोळ्यांचं पाकीट मात्र वेळच्या वेळी संपतंय, सकाळी एक, संध्याकाळी एक. मी मोजते.

११ मार्च, मंगळवार

पप्पा गेटवर धाप लागून खाली बसले. त्यांच्या जोडीचे वॉचमन सयाजीकाका रिक्षात घालून वाशीच्या हॉस्पिटलात घेऊन आले. मी दुकानातून तशीच धावले. खाटेवर पप्पा उशीला टेकून बसलेले, आडवं झालं की दम लागतो. युनिफॉर्मची पँट गुडघ्यापर्यंत वर केली होती. नर्सने नडगीवर अंगठा दाबला आणि काढला, खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीत राहतो तसा.

किडनीची रक्ततपासणी आली, क्रिएटिनिन पाच पॉइंट आठ. एकच्या आसपास असायला हवं.

हा आकडा वाचता येणारी आमच्या घरात मी एकटीच आहे. आईने विचारलं, "बरा आहे ना रिपोर्ट?" मी म्हटलं, "थोडा जास्त आहे."

१२ मार्च, बुधवार

हे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. जसं झालं तसंच लिहायचं ठरवलंय.

सकाळी किडनीच्या मॅडम आल्या. तरुण आहेत, आवाज शांत. पप्पांना विचारलं, "बाबा, कुठल्या दुखण्याच्या गोळ्या घेता का? अंगदुखी, गुडघेदुखी?"

पप्पा म्हणाले, "नाय."

"कधीच नाही?"

"नाय मॅडम. आपल्याला गोळ्यांची सवय नाय. बीपीची एवढी घेतो."

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. पप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तोंड उघडलं आणि मॅडमनी पान उलटलं. कारण सापडत नाही, उद्या पाठीतून सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हणाल्या. रक्तस्राव होण्याचा थोडा धोका असतो. सही करायला नातेवाईक कोण? मी म्हटलं, "मी, मुलगी." एवढंच म्हटलं.

का गप्प बसले? मला वाटलं, रोज दोनच तर गोळ्या, त्याही पोटाची काळजी घेऊन, त्याने इतकं होणार नाही. हे पहिलं कारण. दुसरं कारण, दुकानाच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट. दुसरं आधी सुचलं होतं.

मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्यावर पप्पांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "अक्षू, माझ्या डब्याच्या पिशवीत बघ, चेनच्या कप्प्यात. पाकीट हाय."

"कसलं पाकीट? घरचं तर माझ्याकडे आहे."

"अगं, स्टेशनजवळून घेतलेलं. दुपारचं."

"दुपारी पण घेता? गुडघा एवढा दुखतो?"

"गुडघा कुठला. गुडघा बराय. पाय बघ ना केवढे सुजलेत." त्यांनी चादर बाजूला केली. "कालपासून एक पण नाय दिली या लोकांनी. म्हणून उतरत नाय. तू दे गपचूप."

मी पिशवीची चेन उघडली.

"तूच तर सांगितलंस," पप्पा म्हणाले. "सुजेची गोळी."

बूट का होत नव्हते ते तेव्हा कळलं. गाल का भरले होते तेही. पाय सुजले म्हणून एक गोळी वाढवली, त्याने किडनी आणखी आवळली, पाणी आणखी साठलं, पाय आणखी सुजले, म्हणून दोन वाढवल्या. मला सांगितलं नाही, कारण सांगायचं काय त्यात? सूज आली, सुजेची गोळी घेतली. मुलीने भर सभेत माईकवर सांगितलेलं.

गुडघ्यात रसायनाने फुगतं तीही सूज, आणि किडनी पाणी बाहेर टाकेना म्हणून पायात साठतं तीही सूज. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द. तो शब्द मीच निवडला होता आणि त्याचा मला अभिमान वाटला होता.

मी पिशवीतलं पाकीट घेतलं आणि मॅडमच्या मागे गेले. पप्पांना कळलं मी कुठे चाललेय ते. वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्षू, येड्यासारखं करू नकोस. तुझं लायसन जाईल."

एवढा आवाज चढवायचा दम त्यांच्यात नव्हता. बसल्या बसल्या खोकत राहिले.

मॅडमना सगळं सांगितलं. जानेवारीपासून, किती, कोणी दिल्या, चिठ्ठीशिवाय दिल्या, दुपारच्या वेगळ्या. बीपीची नवीन गोळीही त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. त्या लिहून घेत होत्या. मग पेन थांबवून म्हणाल्या, "दुखण्याची गोळी, त्यात ही बीपीची, त्यात लघवीचं औषध. तिन्ही एकत्र म्हणजे किडनीला तिन्हीकडून मार. तुम्ही फार्मसिस्ट आहात ना?"

"हो."

"मग हे तुम्हाला शिकवलं असेल."

"हो. परीक्षेत आलं होतं."

"लिहिलं होतं?"

"पूर्ण मार्क मिळाले होते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "सुई थांबवते. गोळ्या बंद, आधी औषधाने पाणी काढू. बहुतेक वेळा किडनी परत येते. किती येईल ते मी सांगू शकत नाही."

१५ मार्च, शनिवार

क्रिएटिनिन चार पॉइंट एक. लघवी वाढलीय. आईला नळाखाली पातेलं भरल्यासारखा आनंद झालाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला लघवीचा आकडा सांगते.

पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. पाणी हवं असेल तर आईला सांगतात, मी खाटेला टेकून उभी असले तरी. मी त्यांना आजारी पाडलं म्हणून ते रागावलेत असं मला दोन दिवस वाटत होतं. आज आई म्हणाली, "तू मॅडमला सांगितलंस म्हणून चिडलेत. म्हणतात, पोरीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. मी तर नाही म्हणून निभावलं होतं."

सयाजीकाका भेटायला आले. बाहेर आल्यावर मला विचारलं, "अक्षता, मी पण ती गोळी घेतो. तुझ्या पप्पाने दिलेली. माझे पाय संध्याकाळी सुजतात ना." आजच बंद करा म्हटलं आणि तिथल्या तिथे केसपेपर काढून त्यांचं रक्त तपासायला दिलं. घरी जाताना ते म्हणाले, "तो तुझ्याच नावाने देतो सगळ्यांना. माझी पोरगी सांगते म्हणून." कौतुकाने म्हणाले.

१८ मार्च, मंगळवार

वामनशेठना सांगितलं आणि राजीनामा पुढे केला. त्यांनी वाचला नाही. "ह्ये काय? समोरचा रोज पोतंभर इकतो, त्यानं कदी राजीनामा दिला?"

"त्याच्या घरी कोणी ॲडमिट नाही, शेठ."

"आसंल पन. त्याला कुटं म्हाईत?" कागद परत माझ्याकडे सरकवला. "पप्पाची सुट्टी झाली की ये. उगाच आता घरी बसून रडशील."

कागद पर्समध्ये आहे. अजून ठरलेलं नाही.

सयाजीकाकांचा रिपोर्ट चांगला आला. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२३ मार्च, रविवार

विहारात वंदना झाल्यावर मुक्ताबाईंकडे पाच मिनिटं मागितली. जे राहिलं होतं ते सांगितलं. पायाला, तोंडाला सूज आली तर ही गोळी घ्यायची नाही, आणि सूज म्हणजे एकच गोष्ट नाही. पप्पांचंही सांगितलं.

पाठीमागून एक बाई उठल्या. मी त्यांना ओळखत नाही. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस बाळा? आम्ही तर बसलोच होतो."

चहा आला होता, असं काही मी म्हटलं नाही. म्हटलं, "चुकलं."

त्या खाली बसल्या. समाधान झालेलं दिसलं नाही. व्हायचं कारणही नाही.

३० मार्च, रविवार

पप्पा घरी आलेत. क्रिएटिनिन दोनवर येऊन थांबलंय. मॅडम म्हणाल्या, आणखी खाली येईल कदाचित, कदाचित एवढंच राहील. मीठ कमी, दर महिन्याला रक्त. दुखण्याची गोळी आयुष्यात पुन्हा नाही. जिना चढायला खूप वेळ लागला. प्रत्येक मजल्यावर पप्पा कठड्याला धरून थांबले. गुडघा पहिल्यासारखाच दुखतोय. रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेकला. त्यांनी पाय माझ्या हातात दिला, एवढं झालं.

नोकरीचं मी विचारलं नाही. ठेकेदाराचा फोन आला नाही एवढं खरं.

जेवण झाल्यावर मॅडमनी आता बदलून दिलेली बीपीची गोळी दिली. पप्पांनी नेहमीसारखी तोंडात टाकली नाही. तळहातावर ठेवून बघत राहिले.

"ही अजून काय काय करते?"

हॉस्पिटलपासून माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी सगळं सांगायचं ठरवलं. काहीही गाळायचं नाही. रक्ताच्या नळ्या सैल करते, त्यामुळे बीपी उतरतं. डोकं दुखू शकतं. हिरड्या फुगू शकतात, क्वचित. आणि, हे सांगताना मी थांबले, पण सांगितलं, कधीकधी या गोळीने पायाला सूज येते.

पप्पांनी वर बघितलं.

"ती सूज वेगळी पप्पा. ती किडनीमुळे नसते."

"किती सुजा हायत गं एकूण?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच लक्षात आलं, मलाही सगळ्या माहीत नाहीत. तसं म्हटलं.

त्यांनी मान हलवली. गोळी परत पाकिटाच्या फुटलेल्या घरात ठेवून वरची चांदी अंगठ्याने दाबून बसवली.

"उद्या मॅडमला फोन करून विचारतो. मग घेतो," म्हणाले.

मॅडमचा नंबर मी त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला.